शांततेला दोन तारे

गेल्या काही वर्षांतले स्वतंत्र सिनेमे बघून मला माणसाच्या मानेची जेवढी ओळख झाली आहे तेवढी न्हाव्यांनाही नसेल. नायिका चालत असते, कॅमेरा तिच्या मागून चालत असतो आणि आपण तिची मान बघत असतो. ती बाजारात जाते, मान. कारखान्यात जाते, मान. तिचा नवरा वारतो, ती वळते, आता तरी चेहरा दिसेल म्हणून आपण खुर्चीत पुढे सरकतो, तर कॅमेराही तिच्याबरोबर वळतो. पुन्हा मान. अशी एखादी नटी मला रस्त्यात समोरून भेटली तर मी ओळखणार नाही. पुढे निघून गेली की मात्र लगेच ओळखेन.

यावरून लोकांचा समज झाला आहे की मी कलात्मक सिनेमाचा शत्रू आहे. साफ खोटं. एक माणूस सिनेमाभर एकच सायकल दुरुस्त करत बसतो, अशा सिनेमाला मी पैकीच्या पैकी तारे दिले आहेत. ती सायकल शेवटी दुरुस्तही होत नाही. मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. संथपणाशी माझं काहीच वाकडं नाही. माझं वाकडं आहे ते गप्प बसण्याशी.

हल्लीच्या या सिनेमांत एक अलिखित नियम आहे: ज्याचा पगार कमी, त्याला संवाद कमी. मालक बोलतो, डॉक्टर बोलतो, मालकाचा कुत्रासुद्धा भुंकतो. पण रखवालदार, आया, शिवणकाम करणारी बाई, निवृत्त कारकून, हे सगळे खिडकीतून बाहेर बघतात. खिसा रिकामा झाला की माणसाची वाचा जाते असं जणू वैद्यकशास्त्रात सिद्ध झालंय. मी आयुष्यात एकही गप्प रखवालदार बघितलेला नाही. आमच्या इमारतीचा रखवालदार मला फाटकाशी अडवून स्वतःच्या गुडघ्याबद्दल जे सांगतो त्यात तीन अंक, दोन खलनायक आणि एक मध्यंतर असतं. त्याच्यावर उद्या कुणी सिनेमा काढला तर तो त्यात एकदा खोकेल आणि महोत्सवात लोक एकमेकांना म्हणतील, काय तो खोकला!

हे मत मी माझ्या शुक्रवारच्या परीक्षणांत, ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि एकदा दातांच्या डॉक्टरकडे, तोंडात त्यांचा हात असतानाही मांडलं आहे. त्यामुळे भाऊजींना ते माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. तरीही त्यांनी सिनेमा काढला. आमच्या घरात. आमच्यावर.

आता आमचं घर. बाबा आयुष्यभर लिलाव पुकारायचे. बंद पडलेल्या कंपन्यांची कपाटं, टेबलं, न चालणारे पंखे. ते निवृत्त झाले, आवाज झाला नाही. बाबा जेवताना मीठ मागतात तेव्हा शेजारी मीठ घेऊन येतात. आई प्राथमिक शाळेत शिकवते आणि घरी आल्यावरही 'एकेकाने बोला' असं सांगते, ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दोन माणसांना जोडून दिलं की ऑपरेटरने लाइनीतून बाहेर पडायचं असतं. आत्या पडायची नाही. तिने अशी दोन लग्नं जुळवली आहेत आणि एक मोडलं आहे. सगळ्यांत धाकटा मी. आणि माझ्या वर ताई.

ताई आणि भाऊजी मिळून लग्नाचे व्हिडिओ करतात. भाऊजी शूटिंग करतात, ताई संकलन. लग्नात काय काय घडलं ते भाऊजी टिपतात आणि त्यातलं काय काय घडलंच नाही ते ताई ठरवते. तिच्या हाताखालून गेलेल्या एकाही लग्नात आजवर कुणी रुसलेलं नाही.

आणखी एक सांगायला हवं, म्हणजे पुढचं समजेल. आमच्या दैनिकाचे वाचक लाखांत आहेत असं जाहिरात विभाग सांगतो. मी त्यातल्या एकीसाठी लिहितो. शुक्रवारी परीक्षण छापून आलं की ताई सकाळीच फोन करून भांडते. 'तिसऱ्या परिच्छेदात उगाच शहाणपणा केलायस,' म्हणते, आणि तो केलेला असतो. मी कबूल करत नाही. ती ऐकून घेत नाही. इतकं चांगलं चाललं होतं.

भाऊजींनी पटकथा आणली ती दीड पानाची. आत्याने चष्मा लावून वाचली, पान उलटलं, परत उलटलं.

"जावई, यात बोलायचं कुठे आहे?"

"बोलायचं नाहीये, आत्या. तुमची भूमिका मुक्या बहिणीची आहे."

"जन्मापासून मुकी की नंतर झाली?"

"ते प्रेक्षकांवर सोडलंय."

"बिचाऱ्या प्रेक्षकांवर कशाला टाकता? मी आहे ना," म्हणून आत्याने मुकेपणाची संभाव्य कारणं सांगायला घेतली. तोवर भाऊजींनी दिवे लावले, उतरवले आणि दुसरीकडे लावले.

बाबांना खिडकीशी बसून बाहेर बघायचं होतं. पहिल्या टेकला खाली कुणीतरी नवी स्कूटर लावत होतं. बाबांनी वरून विचारलं, "कितीला पडली?" दुसऱ्या टेकला स्कूटरवाल्याने आकडा सांगितला. तिसऱ्या टेकला बाबा म्हणाले, "फसलास." आईला चादरीची घडी घालायची होती. भाऊजी म्हणाले, "सावकाश, आई. आयुष्यभराचा थकवा त्या घडीत दिसू दे."

"थकवा आहे म्हणूनच पटकन घालते, जावईबापू. सावकाश घड्या घालायला रिकामी माणसं लागतात."

मला भाऊजींनी मुलाची भूमिका देऊ केली. मी तत्त्व म्हणून नकार दिला. समीक्षकाने पडद्यावर जाऊ नये. मग त्यांनी माझ्या जागी माझी खुर्ची घेतली. पुढे एका महोत्सवाच्या पत्रिकेत लिहून आलं की सर्व कलावंतांत रिकाम्या खुर्चीचा अभिनय सर्वांत संयत आहे. बाबा तेव्हापासून त्या खुर्चीवर टॉवेल टाकू देत नाहीत.

शूटिंग संपलं. वर्षभर ताई संकलनाच्या खोलीत बसून होती. मग खास खेळ लागला.

पहिल्या दोन रांगांत आमचे लोक, मागे महोत्सवाचे लोक. महोत्सवाचे लोक ओळखायला सोपे असतात; दिवे मालवण्याआधीच ते गंभीर झालेले असतात. सिनेमा सुरू झाला. आई चादरीची घडी घालते. बाबा खिडकीतून बघतात. आत्या बटाटे सोलते आणि एका बटाट्याकडे असं बघते की जणू तो परत येणार नाहीये. नळ ठिबकतो. आमचाच नळ, पण प्रत्यक्षात इतका छान कधी ठिबकत नाही. जेवणाच्या टेबलाशी सगळे बसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. अख्ख्या सिनेमात एकच संवाद. आई म्हणते, "दार लाव." दार उघडंच राहतं. संपतो.

मध्यावर आत्या माझ्या कानाशी "बघ, बघ, आता मी येते" म्हणाली तर मागून कुणीतरी तिला "शू" केलं. आत्या पडद्यावरही गप्प आणि प्रेक्षागृहातही गप्प. तिच्यावर एवढा दुहेरी अन्याय मी प्रथमच पाहत होतो.

आता माझं मत, स्वच्छ. छायाचित्रण देखणं होतं. प्रकाश असा की आमच्या भिंतीची ओल मला पहिल्यांदा आवडली. मानेचा एकही शॉट नाही, याबद्दल मी उभं राहून आभार मानायला तयार होतो. पण ते आमचं घर नव्हतं. लिलाव पुकारणारा, शाळामास्तरीण आणि टेलिफोन ऑपरेटर यांना एका टेबलाशी बसवून गप्प दाखवायचं, आणि त्याला सत्य म्हणायचं? ज्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं गळा काढतोय तीच, आणि तीही माझ्याच माणसांच्या तोंडाला कुलूप लावून.

बाहेर आल्यावर ताई जिन्याशी उभी होती. रात्रंदिवस पडद्याकडे बघून डोळे लाल.

"कसा वाटला?"

"शुक्रवारी वाच."

"काय वाटेल ते लिही," ती म्हणाली. "पण आधी परत एकदा बघ."

"मी एकदाच बघतो. प्रेक्षक एकदाच बघतो."

"प्रेक्षक नंतर लिहीत नाही," ताई म्हणाली आणि भाऊजींना हार घालणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत निघून गेली. तिला हार कुणी घातला नव्हता. हे मी तेव्हा बघितलं आणि बघून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाबांनी विषय काढला. "तर मग, घरचा सिनेमा. किती द्यायचे ठरवलेस?"

"दोन."

"दोन!" बाबा उभे राहिले. सवयीने त्यांनी चमचा टेबलावर आपटला. "दोन आलेत मंडळी, दोन! छायाचित्रण बघा, भिंतीची ओल बघा, खुर्चीचं काम बघा! दोनवर कोण जातंय?"

"अडीच," आत्या म्हणाली. "माझा बटाटा धरून तीन."

"तीन बाईंकडून! तीन एक वार..."

"चार," आई म्हणाली. "जावयाचा मान आहे."

"चार! चार एक वार, चार दोन वार..."

"बाबा, मी दोनच देणार आहे."

"मालकाची किमान बोली दोन," बाबांनी जाहीर केलं, "पण चारला सुटतंय," आणि चमचा तिसऱ्यांदा आपटला. आमच्या घरी त्या सिनेमाला अधिकृतपणे चार तारे पडले.

मी उठलो तेव्हा आईने मात्र थट्टा सोडली. "हे बघ धाकट्या, तुझ्या ताईने वर्षभर डोळे फोडलेत त्या यंत्रापुढे. तिचं मन मोडलंस तर या घरात कुणी तुझ्याशी बोलणार नाही. सांगून ठेवते."

मला हसू आलं. या घरात कुणी बोलणार नाही ही धमकी म्हणजे नदीने मी आता वाहणार नाही म्हणण्यासारखी होती.

संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, "नात्यातल्या माणसावर लिहायचं नसतं."

"मग कोण लिहील?"

"राशीकाका मोकळे आहेत."

राशीकाका आमच्या पेपरात राशिभविष्य लिहितात आणि माझ्या शेजारच्या टेबलाशी बसतात. त्यांनी खास खेळ बघितला होता. उत्साहाने त्यांनी मजकूरही आणून ठेवला होता: 'पूर्वार्धात शनीची वक्रदृष्टी असल्याने कथा पुढे सरकत नाही. उत्तरार्धात गुरूचं पाठबळ मिळून दार उघडं राहतं. कर्क राशीच्या प्रेक्षकांनी रडताना रुमाल जवळ ठेवावा. शुभ रंग करडा.' खरं सांगायचं तर त्या आठवड्यात त्या सिनेमावर आलेल्या लेखांमध्ये हा सर्वांत सुबोध होता. संपादकांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तूच लिही. खाली एक ओळ टाकू."

ती ओळ अशी छापली गेली: 'परीक्षकाचे आईवडील, आत्या व खुर्ची यांनी या चित्रपटात भूमिका केल्या आहेत.'

परीक्षण मी एका बैठकीत लिहिलं. मऊ काही ठेवलं नाही. 'दिग्दर्शकाने आमच्या घराची वाचा काढून घेतली आहे,' असं लिहिलं. 'दिग्दर्शकाला वाटतं की साधी माणसं गप्प बसली की खोल दिसतात. दिग्दर्शकाला आमच्या जेवणाच्या टेबलाची भीती वाटते काय?' असं लिहिलं. 'ज्या दिग्दर्शकाच्या घरात इतकी माणसं बोलतात त्याने कान बंद करून कॅमेरा उघडू नये,' हे तर मला फारच आवडलं. दोन तारे.

शुक्रवारी ताईचा फोन आला नाही.

मी मोबाइल चार्जिंगला लावला, काढला, परत लावला. आवाज मोठा केला. जाहिरात विभागाने फोन केला, दातांच्या डॉक्टरने केला, कर्जाच्या जाहिरातीवाल्या बाईने केला. तिच्याशी मी बराच वेळ बोललो. मग ताईला मीच लावला. तिने कापला. तिचा हात त्या कामात तयार आहे.

संध्याकाळी घरी गेलो तर बाबा खिडकीशी बसले होते. मी म्हणालो, "काय बाबा?" त्यांनी उत्तर दिलं नाही. चेहरा अर्धा वळवला आणि उजेडात धरला. आई चादरीची घडी घालत होती, सावकाश. आयुष्यभराचा थकवा दिसत होता. आत्या बटाटे सोलत होती आणि मला बघून तिने एक बटाटा हळूच खाली ठेवला.

मग माझ्या ध्यानात आलं. साध्या घरातली माणसं रुसली तर आपटाआपटी करतात, टोमणे मारतात, दोन दिवसांत विसरतात. माझ्या घरच्यांना वर्षभरापूर्वी रीतसर शिक्षण मिळालं होतं. ते आता व्यावसायिक होते.

मी शरण गेलो नाही. टेबलाशी मी एकटा बोलत राहिलो. स्वतःच प्रश्न विचारले, स्वतःच उत्तरं दिली, बाबांच्या आवाजात मीठ मागितलं. शेजारी मीठ घेऊन आले. त्यांनी टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मीठ ठेवलं आणि पाय न वाजवता गेले. मी त्या सिनेमात राहत होतो ज्याला मी दोन तारे दिले होते, आणि आतून बघूनही तो दोनचाच वाटत होता.

रविवारी दुपारी भाऊजी आणि ताई जेवायला आले. ताई माझ्या समोर बसली आणि माझ्या कपाळाच्या थोडं वर बघत राहिली. भाऊजींना मात्र माझ्यावर राग नव्हता. उलट खूश होते.

"तुझ्या दोन ताऱ्यांमुळे आणखी तीन महोत्सवांनी बोलावलं," त्यांनी सांगितलं. "पेपरवाल्यांना नाही आवडला म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली." मग त्यांची नजर टेबलावर फिरली. बाबा अर्धवट वळलेले. आई ताटाकडे बघणारी. आत्या दगड झालेली. भाऊजींचा घास हातातच राहिला. "कुणी हलू नका," ते कुजबुजले आणि गाडीतून कॅमेरा आणायला धावले.

ते परत आले, ट्रायपॉड उघडला, खुर्ची जरा सरकवली. "वा," म्हणाले, "मागच्यापेक्षाही खरं आहे हे. दुसरा भाग! आत्या, मान थोडी खाली. अगदी तशीच मुकी..."

"मुकी?" आत्या म्हणाली.

दोन दिवसांतला तो घरच्यांचा पहिला शब्द होता आणि तो शेजाऱ्यांनाही ऐकू गेला असणार.

"मी पुन्हा मुकी होणार नाही, जावई! सांगून ठेवते! माझ्या मैत्रिणी सिनेमा बघून आल्या आणि मला विचारतात, तब्येत बरी आहे ना? एकीने तर फुलं पाठवली!"

"तुमचं काम उत्तम होतं, आत्या..."

"माझं काम बोलायचं आहे! आयुष्यभर तेच केलं! धाकट्याने लिहिलं ते अक्षर न् अक्षर बरोबर लिहिलंय!"

"बरोबर कसं?" आई म्हणाली. "मला आवडलं गप्प बसायला. दिवसभर वर्गात घसा बसेपर्यंत ओरडायचं, घरी येऊन तुमच्यावर ओरडायचं. पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणालं, आई, काही बोलू नका, नुसत्या बसा. अहो, तुम्ही सांगा."

"माझी प्रोफाइल चांगली आली होती," बाबा म्हणाले. "पण ती स्कूटर ठेवायला हवी होती. जावई, स्कूटर का काढली? हसले असते लोक."

"मी कुठे काढली?" भाऊजी म्हणाले. "मला तर सगळं ठेवायचं होतं. स्कूटर, आत्यांची कारणं, 'रिकामी माणसं लागतात', सगळं. रेकॉर्ड झालंय ते. हिलाच नको होतं."

मी ताईकडे बघितलं. ती आता माझ्या कपाळाच्या वर बघत नव्हती.

"तूच भाऊजींना..." मी म्हणालो.

"'दिग्दर्शकाने आमच्या घराची वाचा काढून घेतली,'" ताई म्हणाली. तिला पाठ होतं. "दिग्दर्शकाने? या माणसाने? याला दोन टेकमधला कुठला ठेवायचा विचारलं तर दोन्ही ठेव म्हणतो. दिग्दर्शक, दिग्दर्शक, दिग्दर्शक. अख्ख्या परीक्षणात माझं नावगाव नाही. संकलनावर एक शब्द नाही. ज्या गोष्टीसाठी तू त्याला झोडपलंस ती एकही त्याने केलेली नाही. ती मी केली. मी काढून घेतली वाचा. मी!"

"तुला तारे कमी दिल्याचा राग नाही?"

"तारे गेले चुलीत. एक दे, अर्धा दे, पण मला दे! वर्षभर बसून मी तो सिनेमा केला आणि तू तो नवऱ्याच्या पदरात टाकलास. शिव्यासुद्धा मला मिळू नयेत?"

"पण का काढलंस ताई? आपलं घर असं आहे का?"

"तुझं नाही. माझं आहे. या टेबलाशी मी आजवर एक वाक्य पूर्ण केलेलं नाही. मला पहिली नोकरी लागली ते सांगायला मी इथे उभी राहिले आणि बाबा..."

"आठवतंय की," बाबा म्हणाले, "त्याच दिवशी ते सागवानी कपाट..."

"बघा," ताई म्हणाली.

बाबांनी तोंड मिटलं. या वेळी चेहरा उजेडाकडे वळवला नाही.

"तरी ते खोटंच आहे," मी म्हणालो. कुणीतरी म्हणायला हवं होतं. "आणि आमचं बोलणं कापलंस त्यात तुझंही गेलं. सिनेमात तू आहेसच कुठे?"

"प्रत्येक कटला," ताई म्हणाली. "जिथे जिथे तुमच्यापैकी कुणीतरी तोंड उघडणार असतं, तिथे मी आहे."

भाऊजी म्हणाले, "कट." कॅमेरा चालूच राहिला होता. "हे वापरता येणार नाही. सगळे एकदम बोलताहेत." ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ट्रायपॉड स्वतःहून मिटला. ती हात धुऊन निघून गेली. आता तिचं माझ्याशी बोलणं चालू झालं असं मला वाटलं होतं, पण सोमवारी फोन लावला तर तिने पुन्हा कापला.

मग मी दुरुस्ती लिहिली. संपादकांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"दुरुस्तीत चूक कबूल करायची असते. तू नवा हल्ला केलायस."

"मत बरोबर होतं. पत्ता चुकला होता."

"लोक काय म्हणतील?"

"छापत नसाल तर राशीकाकांना परीक्षणं द्या. मी भविष्य लिहितो."

राशीकाकांनी मान वर केली. संपादकांनी दोन्ही शक्यतांचा विचार केला आणि दुरुस्ती छापली, चौकटीत, माझ्या नेहमीच्या जागी:

'या स्तंभात गेल्या शुक्रवारी दिग्दर्शकावर केलेली सर्व टीका मागे घेण्यात येत आहे. ती संकलिकेवर करण्यात येत आहे. घराची वाचा तिने काढून घेतली आहे. हे काम तिने इतक्या सफाईने केलं आहे की परीक्षकाला, जो त्याच घरात राहतो, कात्री दिसली नाही. परीक्षकाच्या मते कात्री चुकीच्या जागी चालली आहे. या चुकीचं संपूर्ण श्रेय तिचं आहे आणि त्यात दिग्दर्शकाचा काडीचाही वाटा नाही. तारे दोनच. तेही तिचे.'

शुक्रवारी अकराच्या सुमारास ती ऑफिसात आली. फोनवर नाही, स्वतः. खाली नोंद न करता वर आली, तिच्यामागे खालचा माणूस "अहो मॅडम" करत आला. माझ्या टेबलावर पेपर आपटून ती उभी राहिली. अख्खा विभाग लिहायचं थांबला.

"तू म्हणतोस ना," ताई म्हणाली, "की रखवालदाराला गप्प दाखवणं खोटं आहे, तर आहे, मान्य, ती बाहेरून आलेल्या माणसाची थाप आहे, जो रखवालदाराशी कधी दोन शब्द बोललेला नाही, पण प्रत्येक बोलक्या घरात एक माणूस असतो जो ऐकतो, कारण कुणीतरी ऐकल्याशिवाय एवढं बोलताच येत नाही, आणि तो माणूस तुझ्या कुठल्याच परीक्षणात नसतो, कारण तू धाकटा, तुझ्या बोबड्या बोलण्यालासुद्धा सगळं घर गप्प बसायचं, म्हणून तुला वाटतं की बोलणं म्हणजे खरेपणा, आणि मी जेव्हा त्या टेबलावरचे सगळे आवाज काढले तेव्हा मी त्यांना खोल दाखवायला नाही काढले, मला एकदा बघायचं होतं की यांचं बोलणं थांबलं तर यांचे चेहरे माझ्याकडे वळतात का, आणि तू एवढा मोठा परीक्षक, एकदाच बघून आलास, आणि तुझ्या लक्षात आलं नाही की त्या सबंध सिनेमात प्रत्येक माणूस कुणीतरी बोलायची वाट बघतोय."

पूर्णविराम आला. मी मध्ये बोललो नाही. दोनदा तोंड उघडलं होतं, दोन्ही वेळा राशीकाकांनी माझ्याकडे बघितलं होतं.

"मुद्दा चांगला आहे," मी म्हणालो. "तरी दोनच. वाट बघताहेत हे तुला माहीत आहे, प्रेक्षकाला ते दिसत नाही. आणि स्कूटर काढायला नको होती."

ताईचे कान लाल झाले.

"झालं तुझं बोलून?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि राशीकाकांना उठवून त्यांच्या खुर्चीवर बसली.